मुंगूस, ससा आणि हिंसेचे कर्तृत्व

अहिंसा हा महानुभाव आचारधर्माचा प्राण आहे, हे पंथीयांस नव्याने सांगावे लागत नाही. जीवजंतू पायाखाली येऊ नये म्हणून दृष्टी भूमीवर ठेवून चालणारा संन्यासी आणि मद्यमांस वर्ज्य करून संसार करणारा वासनिक, हे दोघेही आपापल्या अधिकारानुसार तिचेच पालन करीत असतात. परंतु या नित्याच्या आचारात हिंसेचे जे चित्र मनापुढे असते त्यात दोनच पक्ष असतात : मारणारा आणि मारला जाणारा. मारणाऱ्याने हात आवरला की हिंसा टळली, इतका तो विचार सरळ आहे. मारणाऱ्याने हात आवरल्यामुळेच कोणी तिसरा मारला जात असेल तर काय? आणि त्या तिसऱ्याच्या दारी काळ आणून सोडणारा, हा हात आवरून उभा असलेला मनुष्यच असेल तर?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. मनुष्याने दूरदेशाहून आणून सोडलेले प्राणी जेथे मूळच्या प्राण्यांचा उच्छेद करू लागले आहेत, तेथे त्या आगंतुकांना मारून मूळची जीवसृष्टी राखावी, असे वन्यजीवांचे संरक्षण करणारे लोकच आज सांगतात. जे प्राण्यांवर प्रेम करतात तेच प्राण्यांच्या वधाचा प्रस्ताव मांडतात, ही गोष्ट अहिंसाधर्मीयाला प्रथमदर्शनी विपरीत वाटते. ती खरोखर विपरीत आहे काय, याचा निर्णय घाईने करू नये. त्यासाठी एका प्राण्याचा वृत्तान्त सविस्तर पाहणे उपयोगी पडेल. आणि तो प्राणी परका नसून भारतवर्षातलाच आहे.

मुंगूस सर्वांच्या ओळखीचे आहे. महाराष्ट्रात बांधाच्या कडेने जाताना दिसते ते राखी मुंगूस. त्याचेच एक लहान चणीचे भावंड उत्तर भारतात व बंगालकडे आढळते. इ. स. १८७२ मध्ये वेस्ट इंडीज बेटांतील जमैका येथे डब्ल्यू. बॅनक्रॉफ्ट एस्प्युट नावाच्या एका ऊसमळेवाल्याने कलकत्त्याहून या लहान जातीची नऊ मुंगुसे आणवली, चार नर व पाच माद्या. उंदरांनी उसाची नासाडी चालवली होती. मुंगुसांनी ते उंदीर मारावेत, हा हेतू. प्रारंभी काम साधल्यासारखे दिसले आणि १८८२ मध्ये एस्प्युटने आपल्या प्रयोगाचे यश लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तान्तात लिहून प्रसिद्धही केले. दुसऱ्याच वर्षी, १८८३ मध्ये, जमैकातील मुंगुसांची प्रजा हवाई बेटांतील ऊसमळ्यांकडे रवाना झाली. पण उंदीर प्रायः रात्री हिंडणारे आणि मुंगूस दिवसा. एकाच शेतात राहून दोघांची गाठ कमी पडे. मुंगसाने आपले पोट जे दिवसा हाती लागले त्यावर भरले : जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, पिले, सरडे, साप, कोंबड्या.

इतका अनुभव जगापुढे असताना तीच चूक पुन्हा झाली. १९१० मध्ये शोझाबुरो वातासे या जपानी प्राणिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने गंगामुखाकडील मुंगुसे जपानच्या दक्षिणेस ओकिनावा बेटावर सोडण्यात आली, आणि ओकिनावातील मुंगुसांच्या प्रजेपैकी सुमारे तीस १९७९ मध्ये आमामी ओशिमा या बेटावर सोडली गेली. या वेळी निमित्त हाबू नावाच्या अतिविषारी सापाचे होते. हाबू रात्रीचा, मुंगूस दिवसाचे. शंभर वर्षांपूर्वी जमैकात जे घडले तेच येथे घडले. मात्र येथे बळी जाणाऱ्यांत एक असा जीव होता की जो त्या बेटावर आणि शेजारच्या तोकुनोशिमा बेटावर वगळता पृथ्वीवर अन्यत्र कोठेही नाही. तो म्हणजे आमामीचा काळसर ससा.

हा ससा ओळखीच्या सशासारखा नाही. कान आखूड, पाय आखूड, अंग गडद, पळण्यात मंद. जेथे सशाची शिकार करणारे चतुष्पाद कधी नव्हतेच, तेथे पळण्याची विद्या त्याला लागलीच नाही. तो रात्री चरतो. मादी पिलासाठी वेगळे बीळ खणते, पिलाला आत ठेवून बिळाचे तोंड मातीने लिंपून टाकते, आणि सामान्यतः एकाआड एक रात्री येऊन, माती उकरून, पिलाला दूध पाजून, पुन्हा तोंड लिंपून निघून जाते. हाबू सापापासून पिलू राखण्याचा तिचा हा उपाय मानला जातो. जमीन हुंगत हिंडणाऱ्या मुंगसाची कल्पना त्या मातेच्या जातीला कधी आलेली नव्हती.

तीस मुंगुसांची इ. स. २००० च्या सुमारास अंदाजे दहा हजार झाली. सन २००० पासून जपानी शासनाने त्यांच्या निर्मूलनाचे काम हाती घेतले. २००५ मध्ये परकीय आक्रमक जीवांविषयीचा कायदा अमलात आला आणि त्याच वर्षी खास पथक उभारले गेले. सुमारे तीस हजार सापळे बेटभर मांडले गेले, हुंगून माग काढणारे कुत्रे शिकवले गेले. शेवटचे मुंगूस एप्रिल २०१८ मध्ये सापडले. त्यानंतर सहा वर्षे पाळत ठेवून ३ सप्टेंबर २०२४ रोजी बेट मुंगूसमुक्त झाल्याचे शासनाने घोषित केले. एकंदर सुमारे बत्तीस हजार मुंगुसे धरली गेली. ससा पुन्हा वाढला.

बत्तीस हजार जीव गेले आणि एक जात राहिली. याला धर्म म्हणावे की अधर्म?

प्रथम 'परदेशी' या शब्दाचा विचार केला पाहिजे, कारण पुष्कळ गोंधळ त्या शब्दातच आहे. जीवाला देश नसतो. अनादी अविद्येने बद्ध झालेला जीव कर्मानुसार या देहातून त्या देहात जातो. त्या देहाचा जन्म गंगेकाठी झाला की आमामीच्या अरण्यात, यावरून त्याच्या जगण्याचे मोल कमी-अधिक ठरत नाही. अंगणातील साळुंकी महाराष्ट्रात कोणालाही खुपत नाही; तीच १८६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात नेऊन सोडली गेली आणि आज तेथे ती उपद्रवी म्हणून धरून मारली जाते. पक्षी तोच, स्वभाव तोच. उलट पक्षी मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ हे सारे अमेरिकेतून आलेले, आणि त्यांच्यावाचून मराठी स्वयंपाकघराची कल्पनाही करवत नाही. तेव्हा परकेपणा हा दोष नव्हे. विचारी संरक्षकही तसे मानीत नाहीत. परका असून जो इतरांचा उच्छेद मांडतो त्यालाच ते आक्रमक म्हणतात. परंतु सामान्य बोलण्यात हा भेद टिकत नाही. 'उपरा' म्हटले की अर्धा निवाडा झाला, असे मन मानते. आणि ही सवय मुंगसापाशी सुरू झाली तरी मुंगसापाशी थांबेलच असे नाही, हे मनुष्यसमाजाने वारंवार पाहिले आहे. म्हणून वधाच्या बाजूने जे काही म्हणावयाचे ते प्राण्याच्या मूळ देशाचा आधार न घेता, घडणाऱ्या दुःखाचा व हानीचा आधार घेऊनच म्हटले पाहिजे.

आता दुसरी बाजू. अहिंसावादी म्हणेल : दुःख जीवाला होते, जातीला होत नाही. ससा हा जीव आहे, ससेपण हा जीव नव्हे. एका जातीच्या नावाखाली हजारो प्रत्यक्ष जीवांना मारणे म्हणजे कल्पनेसाठी सत्याचा बळी देणे होय. या म्हणण्यात तथ्य आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार नित्य पदार्थांत 'जात' नावाचा पाचवा पदार्थ नाही. परंतु मुंगसाने बिळातून ओढून काढलेले पिलूही कल्पना नव्हे. तोही प्रत्यक्ष जीवच आहे आणि त्यालाही वेदना आहे. कोणी याहून पुढे जाऊन म्हणतो, जीव तर नित्य. सशाचा देह गेला तरी तो जीव अन्य देह घेईल, मग जात नष्ट झाली म्हणून हानी ती काय? हे उत्तर फसवे आहे. तोच न्याय मुंगसाला लावला की बत्तीस हजारांच्या वधातही हानी उरत नाही, आणि तोच कसायाच्या हाती दिला की अहिंसेचे नावही राहत नाही. जीवाच्या नित्यत्वाचे ज्ञान हे स्वतःच्या मरणाचे भय जिंकण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या मरणाविषयी बेफिकीर होण्यासाठी ते सांगितलेले नाही.

तेव्हा दोन्हीकडे जीव आहेत व दोन्हीकडे वेदना आहे. निर्णय संख्येच्या तोलाने होणार नाही. तो कर्तृत्वाच्या विचाराने होईल.

मुंगूस सशाला खाते यात मुंगसाचा अपराध नाही. तिर्यक योनीतील जीवाला विधिनिषेध नाहीत. त्याला जे प्राप्त झाले ते तो खातो. वाघ हरिणाला मारतो म्हणून कोणी महात्मा वाघाच्या निर्दाळणास निघत नाही, कारण त्या घटनेत मनुष्याचे कर्तृत्व कोठेच नाही. आमामीची गोष्ट निराळी आहे. तेथील पिलाच्या मृत्यूचे मूळ शोधत गेले तर ते १९७९ साली उघडलेल्या पिंजऱ्यांपाशी पोचते. दात मुंगसाचे, पण कर्म मनुष्याचे. एखाद्याने पाटाचे दार फोडून पाणी शेजाऱ्याच्या शेतात वळवावे आणि पीक बुडू लागले असता 'आता या दाराला मी हात लावणार नाही, कारण कशाला हात न लावणे हाच माझा धर्म' असे म्हणत काठावर बसावे, त्यातला हा प्रकार आहे. त्याचे बसणे म्हणजे निवृत्ती नव्हे. आधीची कृतीच त्याच्या बसण्यातून पुढे चालू असते.

येथवर आले की वधाचा पुरस्कर्ता समाधान मानील. त्यानेही थांबून विचार करावा असे पुष्कळ आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची ससा-रक्षणाची लीळा पंथात लहानथोरांस ठाऊक आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा आसनस्थ स्वामींच्या मांडीखाली शिरला. शिकारी तो मागू लागले. शरण आलेला जीव स्वामींनी दिला नाही. या प्रश्नात दोन्ही पक्ष या लीळेचा आधार घेऊ शकतात. एक म्हणेल, पाहा, स्वामींनी ससा राखला, आमामीतही ससाच राखला गेला. दुसरा म्हणेल, राखला खरा, पण कुत्र्यांना मारून राखला नाही. दुसऱ्याचे म्हणणे लीळेच्या अधिक जवळ आहे. तथापि तेथे पाठलाग करणाऱ्यांमागे शिकारी होते, मनुष्य होते. शब्दाने त्यांचे मन वळू शकत होते. मुंगसामागे कोणी शिकारी उभा नाही की ज्याला बोध करावा. त्याचा शिकारी १९७९ मध्येच पिंजरा उघडून घरी गेला. म्हणून लीळेतील कृती जशीच्या तशी आमामीत उतरवता येत नाही. उतरवता येते ती तिच्यातील एक गोष्ट : राखणाऱ्याने आपला देह मध्ये घातला. रक्षणाचा भार रक्षणाऱ्याने उचलला, तो कोणा दुसऱ्यावर ढकलला नाही.

ही कसोटी लावली की निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयत्नांचे मोल निरनिराळे ठरते. स्कॉटलंडच्या पश्चिमेस साउथ युइस्ट नावाचे बेट आहे. तेथे १९७४ मध्ये बागेतील गोगलगायी खाव्यात म्हणून हेजहॉग नावाचे काही लहान काटेरी प्राणी आणून सोडले. ते वाढले आणि पाणथळ गवतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीसारख्या पक्ष्यांची अंडी खाऊ लागले. २००३ पासून शासकीय संस्थेने त्यांना धरून सुईने मारण्यास प्रारंभ केला. लोकांनी विरोध केला. पण नुसता विरोध केला नाही. मारणाऱ्यांच्या आधी पोचून त्यांनी हेजहॉग जिवंत धरले आणि जेथे ते मूळचेच आहेत त्या मुख्य भूमीवर नेऊन सोडले. हे साधते असे दिसल्यावर २००७ मध्ये संस्थेनेही मारणे थांबवून तोच मार्ग धरला. येथे दयेने श्रम केले, म्हणून ती दया ठरली.

इटलीत याच्या उलट घडले. १९४८ मध्ये तुरीन नगराजवळ अमेरिकेतील राखी खारींच्या दोन जोड्या सोडल्या गेल्या. त्या जेथे पसरतात तेथून युरोपातील तांबडी खार नाहीशी होत जाते. १९९७ मध्ये त्या अजून थोड्या प्रदेशात होत्या तेव्हा त्यांच्या निर्मूलनाचा प्रयोग आरंभला, तो प्राणिमित्र संघटनांनी न्यायालयात जाऊन थांबविला. प्रयोग करणारे अधिकारी २००० मध्ये निर्दोष सुटले, परंतु तोवर खारी इतक्या पसरल्या होत्या की त्यांना समूळ हटविणे शक्य राहिले नाही. हात थांबविणाऱ्यांनी खारी धरून अन्यत्र ठेवण्याचा भार उचलला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. नुसत्या थांबविण्याची किंमत तांबड्या खारींनी दिली, आणि पुढे ठिकठिकाणी मारल्या गेलेल्या राखी खारींनीही दिली. दया उशिरा जागी झाली की मरणारे वाढतात, हे आमामीच्या आकड्यांतही स्पष्ट आहे. १९७९ मध्ये प्राणी तीस होते. ते तीस तेव्हाच परत धरून पिंजऱ्यात जन्मभर पोसता आले असते. वीस वर्षांनी ते दहा हजार झाले, आणि निर्मूलन पुरे होईतो बत्तीस हजार.

पद्धतीचाही विचार अटळ आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेस गॅलापागोस बेटांवर शेळ्यांनी वनस्पती खाऊन तेथील महाकाय कासवांचा निवारा व चारा संपवीत आणला होता. १९९७ ते २००६ या काळातील मोहिमेत तेथे दीड लाखाहून अधिक शेळ्या मारल्या गेल्या. पुष्कळशा हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. शेवटी दडून राहिलेल्या शेळ्या सापडेनात, तेव्हा काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओ-यंत्र बांधून त्यांना मोकळे सोडले. शेळी कळपाने राहणारी. ती आपल्या आप्तांना शोधीत जाई आणि तिच्यामागून बंदूकधारी पोचत. कळप मारून तिला पुन्हा जिवंत सोडीत, कारण तिला पुढचा कळप शोधावयाचा असे. येशूला धरून देणाऱ्या ज्यूदासाचे नाव त्या लोकांनीच या शेळ्यांना दिले, त्यावरून कृत्याचे स्वरूप त्यांनाही कळत होते असे म्हणावे लागते. कासवे राहिली, वनस्पती परतल्या, हे खरे. परंतु जीवाच्या ठायी जी संगतीची ओढ असते तिलाच फास करणे, हे कोणत्याही हिशेबात बसवू नये. आमामीतही सापळ्यांना मुंगूस व मूळचा प्राणी यांतील भेद कळत नव्हता. त्या बेटाचे स्वतःचे दुर्मिळ उंदीरही त्यांत सापडून मेले.

या सर्वांतून निर्णय तो काय निघतो? ज्या समाजाने वा शासनाने प्राणी आणून सोडला, त्यावर त्या प्राण्याने होणारा संहार थांबविण्याचे ऋण आहे. ते ऋण प्रथम जिवंत धरून, हलवून, पोसून, प्रजनन रोखून फेडले पाहिजे, मग ते कितीही खर्चाचे असो. ते खरोखर अशक्य असेल, आणि काम पुरते शेवटास जाणार असेल, तर शासनाने केलेला शीघ्र वध हा दोन अधर्मांतील लहान अधर्म ठरू शकतो. आमामीचा ससा आज जिवंत आहे तो अशाच एका अधर्मामुळे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु लहान अधर्म हा धर्म होत नाही. 'नियंत्रण', 'निर्मूलन', 'व्यवस्थापन' असे स्वच्छ शब्द योजले की रक्त दिसेनासे होते, आणि मग जेथे संहार थांबण्याची आशाच नाही तेथेही दरवर्षी नेमाने मारण्याचे काम एखाद्या खात्याचा नित्यक्रम होऊन बसते. असे न संपणारे मारणे पूर्वीच्या हिंसेचे परिमार्जन करीत नाही; ते केवळ तिची भर आहे. जे संपते तेच ऋणफेड म्हणवू शकते. संन्याशाने अशा वधाला आशीर्वाद देऊ नये, कारण तो त्याचा अधिकार नव्हे; सापळे मांडणाऱ्या पथकाला क्रूर म्हणून त्याने आपली शुद्धता मिरवू नये, हेही तितकेच योग्य.

आमामीत ऋण अजून फिटलेले नाही. मनुष्याच्या वस्तीतून रानात गेलेली मांजरे आता सशांना धरतात. २०१८ पासून ती पकडून त्यांना घरे शोधून देण्याचे काम चालले आहे. ससे वाढल्यामुळे रात्री रस्त्यावर वाहनांखाली येऊन मरणारेही वाढले, आणि काही ससे तेथील तानकान नावाच्या संत्र्यांच्या बागांत शिरून झाडांची साल कुरतडू लागल्याने बागाईतदार त्रस्त आहेत.

महाराष्ट्रातील वासनिकाला मुंगसांविषयी निर्णय करण्याचा प्रसंग बहुधा येणार नाही. परंतु पिंजरा उघडणाऱ्याच्या जागी तो स्वतः उभा असण्याचा प्रसंग मात्र येतो. बाजारात काचेच्या भांड्यात ठेवण्यासाठी कानामागे तांबडा पट्टा असलेली लहान कासवे विकली जातात. ती मूळची अमेरिकेतील. नाणेभर आकाराचे पिलू काही वर्षांत ताटलीएवढे होते, भांडे पुरत नाही, आणि मग घरातील माणसे जीवदया म्हणून त्याला गावच्या तळ्यात वा नदीत सोडून देतात. सोडताना हातही जोडतात. तेथे ते कासव मासे, बेडकांची पिले, पाणवनस्पती खाते आणि उन्हात बसण्याच्या जागांवरून देशी कासवांना हटविते. बाहेरून आलेल्या मांगूर माशाचेही असेच. देशात त्याच्या पालनाला बंदी आहे, तरी चोरून पाळलेल्या तळ्यांतून तो पुरात नद्यांत उतरतो. सोडणाऱ्याला बंधमोचनाचे पुण्य घडल्यासारखे वाटते. ज्याच्या घरी असे कासव आले असेल त्याने ते मोठ्या टाकीत आमरण पोसावे, किंवा प्राणी सांभाळणाऱ्या अधिकृत केंद्राच्या स्वाधीन करावे. नीट ठेवल्यास ते कासव वीस-तीस वर्षे जगते.